घटक ५ : पडद्यावरील मराठी आणि बिघडलेली अक्षरे

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला संगणक मराठी अक्षर कोणत्या रूपात साठवतो हे सांगता येईल. संकेतपृष्ठावर मराठीऐवजी अगम्य चिन्हे, प्रश्नचिन्हे वा चौकोन दिसू लागले, तर त्यामागील कारणांत भेद करता येईल. मजकूर केवळ चुकीचा वाचला जात आहे की खरोखरच नष्ट झाला आहे, याचे निदान करता येईल आणि दुरुस्तीचा योग्य क्रम ठरवता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण मराठी टंकलेखनाचा आणि कळफलकाच्या रचनांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकाचा विषय प्रथमदर्शनी तांत्रिक वाटेल. मराठी विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात त्याचे काय काम, असा प्रश्नही काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका अनुभवाने द्यावे असे वाटते.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. सूची संगणकावर होती. ग्रंथाचे नाव, लेखक, कपाट क्रमांक आणि ग्रंथ कोणी, कोणाच्या स्मरणार्थ भेट दिला, अशा नोंदी तीत होत्या. सूची एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवल्यानंतर पडद्यावरील सर्व मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसू लागल्या. कपाट क्रमांक मात्र शाबूत होते. वाचनालयातील सेवकाने विचार केला, की नावे नंतर भरता येतील, तूर्त निदान बदललेले कपाट क्रमांक तरी नोंदवून घ्यावेत. त्याने एकेक नोंद उघडली, क्रमांक बदलला आणि ‘जतन करा’ या कळीवर टिचकी दिली. काम प्रामाणिक होते आणि तेच घातक ठरले. ती कळ दाबली जाईपर्यंत मूळ नावे डेटाबेसात सुरक्षित होती, फक्त पडद्यापर्यंत पोहोचत नव्हती. कळ दाबताच पडद्यावरील प्रश्नचिन्हे खऱ्या नावांच्या जागी जाऊन बसली. ज्या नोंदी उघडल्या गेल्या नव्हत्या, त्या पुढे एका दुपारीत जशाच्या तशा परत मिळाल्या. उघडलेल्या नोंदींतील ग्रंथांची नावे कपाटातील पुस्तके पाहून पुन्हा लिहिता आली. देणगीदारांची नावे मात्र गेली, कारण कागदी नोंदवही वाळवीने आधीच खाल्ली होती.

पाठचिकित्सेच्या अभ्यासात आपण हाच भेद वेगळ्या संदर्भात पाहिला आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. एखादा वाचक जुन्या पोथीतील अक्षर चुकीचे वाचतो, तेव्हा पोथीचे काही बिघडत नाही; दुसरा जाणकार ती नीट वाचू शकतो. परंतु तोच वाचक आपले चुकीचे वाचन नव्या प्रतीत उतरवून मूळ पोथी टाकून देतो, तेव्हा अपपाठ कायमचा होतो. संगणकावरील बिघडलेल्या मराठीकडेही याच दृष्टीने पाहावयाचे आहे: हा वाचनातील दोष आहे की मजकुरातील? दुरुस्तीचा विचार त्यानंतरचा.

५.२ अक्षर, अंक आणि संकेतन

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला अंक ठाऊक असतात. ० ते २५५ यांपैकी एक अंक मावेल एवढ्या जागेला बाइट म्हणतात. कोणत्या अंकाने कोणते अक्षर दर्शवायचे, याविषयीच्या कराराला आपण या घटकात संकेतन म्हणू. करार दोन्ही बाजूंना सारखा ठाऊक असेल तर लिहिलेले तसेच वाचले जाते. लिहिणाऱ्याने एक करार पाळला आणि वाचणाऱ्याने दुसरा गृहीत धरला, तर अंक तेच राहतात आणि अक्षरे मात्र बदलतात.

अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अॅस्की या संकेतनात १२८ जागा होत्या. इंग्रजीची मुळाक्षरे, अंक व विरामचिन्हे यांना त्या पुरल्या. फ्रेंच, जर्मन, स्वीडिश या भाषांना त्या पुरेनात, कारण त्यांच्या काही अक्षरांवर तिरक्या रेघा, टिंबे वा टोप्या असतात. त्यासाठी उरलेल्या १२८ जागा वापरून पश्चिम युरोपीय भाषांचे एक प्रमाण संकेतन तयार झाले. आयएसओ ८८५९-१ या नावाचे हे प्रमाण १९८७ सालचे. व्यवहारात त्याला लॅटिन-१ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने त्यात थोडी भर घालून विंडोज-१२५२ हे संकेतन रूढ केले. या दोहोंत देवनागरीला एकही जागा नाही.

भारतात याच काळात वेगळा प्रयत्न चालू होता. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे संकेतन १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. युनिकोडने प्रत्येक लिपीतील प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक दिला. देवनागरीचा मूळ विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे आणि त्यात ‘म’ चा क्रमांक २३५० आहे.

आता २३५० हा अंक एका बाइटमध्ये मावत नाही. तो अनेक बाइट्समध्ये कसा वाटून ठेवायचा, याचा सर्वाधिक रूढ नियम म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी तो सप्टेंबर १९९२ मध्ये तयार केला. या नियमानुसार इंग्रजी अक्षराला एक, युरोपीय चिन्हांकित अक्षराला दोन आणि देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात. ‘म’ चे तीन बाइट २२४, १६४ व १७४ असे आहेत.

हेच तीन बाइट एखाद्या कार्यक्रमाने लॅटिन-१ समजून वाचले तर काय दिसेल? २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’. १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, चार कोपऱ्यांत शेंड्या फुटलेले वर्तुळ. १७४ म्हणजे वर्तुळातील ‘आर’, जे नोंदणीकृत व्यापारचिन्हाशेजारी दिसते. मराठी पानावर डोक्यावर रेघ असलेला ‘ए’ आणि शेंड्यांचे वर्तुळ ही जोडी पुन्हा पुन्हा येताना तुम्ही कधीतरी पाहिली असेलच. ती यादृच्छिक नाही. देवनागरी विभागातील प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणून ती जोडी दिसली, की हे यूटीएफ-८ मधील देवनागरी असून लॅटिन-१ म्हणून वाचले जात आहे, असे बहुधा निश्चितपणे म्हणता येते.

फ्रेंच मजकुराची गत तुलनेने सौम्य असते. तिरक्या रेघेच्या ‘ई’ चे दोन बाइट १९५ व १६९ आहेत. ते चुकीचे वाचले गेले की नागमोडी रेघेचा मोठा ‘ए’ आणि स्वामित्वहक्काचे वर्तुळातील ‘सी’ अशी दोन चिन्हे उमटतात. पण शब्दातील उरलेली अक्षरे साधी असल्याने फ्रेंच वाचक अर्थ लावून पुढे जातो. मराठीत एकही अक्षर वाचत नाही. दोष एकच, परंतु एका भाषेत तो मुद्रणदोषासारखा भासतो आणि दुसऱ्या भाषेत संपूर्ण मजकूर मिटवतो.

५.३ तीन ठिकाणे, तीन करार

संकेतपृष्ठावरील मजकूर डेटाबेसातून येत असेल, तर तो किमान तीन ठिकाणांतून जातो. पहिले, डेटाबेसातील रकाना, जिथे मजकूर साठवलेला असतो. दुसरे, पान तयार करणारा कार्यक्रम आणि डेटाबेस यांच्यातील जोडणी. तिसरे, वाचकाचा ब्राउझर. प्रत्येक ठिकाणी संकेतन कोणते, हे स्वतंत्रपणे सांगितलेले असते. आणि कोणी सांगितले नाही तर कार्यक्रम आपल्या जन्मजात सवयीने ठरवतो. बहुतेक बिघाड या न सांगण्यातून होतात.

उदाहरणासाठी मायएसक्यूएल हा सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस घेऊ. त्याचा जन्म स्वीडनमधील. अनेक वर्षे त्याचे न सांगता गृहीत धरले जाणारे संकेतन लॅटिन-१ होते आणि अक्षरांचा अनुक्रम लावण्याचा नियम स्वीडिश भाषेचा होता. महाराष्ट्रातील ज्या संकेतस्थळांच्या चालकांनी काहीच सांगितले नाही, त्यांच्या मराठी नोंदींना नकळत स्वीडिश वर्णक्रम लागू झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आठव्या आवृत्तीपासून ही सवय बदलून यूटीएफ-८ चे पूर्ण रूप गृहीत धरले जाऊ लागले. या बदलाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

तिसऱ्या ठिकाणाविषयी थोडक्यात. पानाचे संकेतन ब्राउझरला दोन प्रकारे कळते: सर्व्हर पानाबरोबर जो मथळा पाठवतो त्यातून, आणि पानाच्या आरंभीच्या घोषणेतून. ही घोषणा पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत असावी लागते. दोहोंत विरोध असेल तर सर्व्हरचा मथळा वरचढ ठरतो. म्हणूनच ‘पानात यूटीएफ-८ लिहिले आहे, तरी अक्षरे बिघडलेलीच’ अशी तक्रार ऐकू येते. अशा वेळी दोष पानात शोधू नये, मथळ्यात शोधावा.

५.४ दोन चुकांचा समझोता

आता या विषयातील सर्वांत फसवा भाग. कल्पना करा, की मराठी पान यूटीएफ-८ मध्ये आहे. परंतु जोडणी आणि रकाना दोन्ही लॅटिन-१ आहेत. वापरकर्ता ‘मराठी’ हा शब्द भरतो. त्यात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच वर्ण आहेत, म्हणजे पंधरा बाइट. डेटाबेसाला वाटते, की ही पंधरा लॅटिन अक्षरे आहेत. तो ती निमूटपणे साठवतो. वाचताना तीच पंधरा ‘अक्षरे’ परत देतो, ब्राउझर त्यांना यूटीएफ-८ समजतो आणि पडद्यावर ‘मराठी’ उमटते. साठवताना एक चूक, काढताना तीच चूक उलट दिशेने. दोन्ही मिळून सारे आलबेल.

हा समझोता वर्षानुवर्षे टिकू शकतो. त्याच्या खुणा बारीक असतात. शीर्षकाची पहिली दहा अक्षरे दाखवावयास सांगितली, तर तीन वर्ण आणि चौथ्याचा तुकडा येतो. अकारविल्हे यादी विचित्र लागते. वीस अक्षरांच्या रकान्यात सातव्या वर्णाच्या मध्येच नाव तुटते आणि शेवटी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह दिसते. लोक या खुणांकडे दुर्लक्ष करतात, कारण पान वाचता येत असते.

मग एके दिवशी आवृत्ती बदलते, संगणक बदलतो किंवा एखादा जाणता कार्यक्रमकार जोडणीचे संकेतन योग्य ते, म्हणजे यूटीएफ-८, करतो. आता डेटाबेस आपले काम चोखपणे करतो. त्याच्या समजुतीप्रमाणे रकान्यात पंधरा लॅटिन अक्षरे आहेत. तो प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून पाठवतो. पडद्यावर डोक्यावर रेघ असलेले ‘ए’ आणि शेंड्यांची वर्तुळे यांची रांग उभी राहते. योग्य पाऊल टाकणाऱ्यावरच आळ येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला जुनी चूक परत आणण्यास भाग पाडले जाते. तात्पुरते पान सुधारते हे खरे. पण त्या दिवसापासून भरलेल्या काही नोंदी एका संकेतनात आणि काही दुसऱ्यात राहतात. एकाच रकान्यात दोन प्रकारची मराठी मिसळली गेली, की पुढची दुरुस्ती नोंदनिहाय करावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ चुकीपेक्षा ही माघार अधिक महागात पडते.

५.५ लक्षणे आणि निदान

वैद्य नाडी पाहून औषध देतो, त्याप्रमाणे येथेही लक्षण पाहावे.

रेघेचा ‘ए’ व शेंड्यांचे वर्तुळ यांची रांग दिसत असेल, तर बाइट बहुधा शाबूत आहेत. वाचन चुकले आहे. हे सर्वांत आशादायक लक्षण होय, जरी पाहणाऱ्याला ते सर्वांत भीषण वाटते.

साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर सावध व्हावे. देवनागरी वर्ण अशा संकेतनात बदलण्याचा प्रयत्न झाला आहे, जिथे त्याला जागाच नाही. म्हणून प्रत्येक वर्णामागे एक प्रश्नचिन्ह ठेवले गेले. ‘मराठी’ ची अशी पाच प्रश्नचिन्हे होतात. परंतु हे रूपांतर कोठे झाले, हा कळीचा प्रश्न आहे. रकाना यूटीएफ-८ असून केवळ जोडणी लॅटिन-१ असेल, तर ते वाचताना झाले आणि आतला मजकूर सुरक्षित आहे. जोडणी बदलली की काम झाले. प्रास्ताविकातील वाचनालयात हेच घडले होते. रकाना लॅटिन-१ असून जोडणी यूटीएफ-८ असेल, तर ते साठवतानाच झाले आणि मजकूर गेला. पडद्यावर दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे दिसतात. म्हणून निदान होईपर्यंत कोणतीही नोंद उघडून जतन करू नये.

काळ्या चौकटीतील पांढरे प्रश्नचिन्ह निराळे. यूटीएफ-८ म्हणून वाचताना नियमात न बसणारा बाइट आढळला, की ब्राउझर ते दाखवतो. तुटलेले वर्ण किंवा दुसऱ्या संकेतनातील मजकूर हे त्याचे कारण असते. रिकामे चौकोन दिसले तर मात्र संकेतनाचा दोषच नाही. त्या उपकरणावर ती लिपी दाखवणारा फॉन्ट नाही, एवढेच. आणि पडद्यावर ‘म’ ऐवजी त्याचा २३५० हा क्रमांक विरामचिन्हांत गुंडाळून दिसत असेल, तर जुन्या लॅटिन-१ पानावरील अर्जातून मराठी भरली गेली होती असे समजावे. ब्राउझर अशा वेळी मावत नसलेल्या वर्णाऐवजी त्याचा क्रमांक पाठवतो. मजकूर त्यात पूर्ण असतो आणि सहज परत मिळतो.

डोळ्यांवर विसंबून राहू नये. डेटाबेसाला दोन प्रश्न विचारता येतात: या नोंदीत अक्षरे किती, आणि बाइट किती? ज्या नोंदीचे मूळ आपल्याला निश्चित ठाऊक आहे अशी एक निवडावी. समजा ती ‘मराठी’ हा एकच शब्द आहे. अक्षरे पाच आणि बाइट पंधरा असे उत्तर आले, तर साठवण निर्दोष आहे. दोष जोडणीत किंवा पानात शोधावा. अक्षरे पंधरा आणि बाइटही पंधरा आले, तर लॅटिन-१ रकान्यात यूटीएफ-८ मजकूर आहे, म्हणजे आपण वर पाहिलेला समझोता. अक्षरे पंधरा पण बाइट एकतीस आले, तर मजकुराचे दुहेरी संकेतन झाले आहे: पंधरा चुकीच्या चिन्हांचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर झाले, त्यांपैकी चौदांना दोन-दोन बाइट लागले आणि एकाला तीन. हे एक म्हणजे युरो या चलनाचे चिन्ह. वेलांटीचा शेवटचा बाइट १२८ हा विंडोज-१२५२ मध्ये युरो दर्शवतो आणि मायएसक्यूएलचे लॅटिन-१ हे वस्तुतः तेच संकेतन आहे. आणि अक्षरे पाच, बाइटही पाच आले, तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हे आहेत. येथे दुरुस्तीचा उपाय नाही, जुनी प्रत शोधावी लागेल.

५.६ हलन्त, उकार आणि ‘ठ’

शाबूत दिसणारी अगम्य रांगही कधीकधी अर्धवट असते. विंडोज-१२५२ मध्ये २५६ पैकी पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ व १५७. आता देवनागरीकडे पाहा. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे. हलन्ताचा १४१ आहे. ‘ए’ चा १४३, ‘ऐ’ चा १४४ आणि ‘झ’ चा १५७ आहे. मायएसक्यूएल या रिकाम्या जागा सांभाळून घेतो, त्यामुळे डेटाबेसात राहून काही हरवत नाही. ब्राउझरवर मात्र ती न दिसणारी नियंत्रक चिन्हे होतात. कोणी ती अगम्य रांग पडद्यावरून उचलून दुसरीकडे चिकटवली, किंवा ‘नको असलेली चिन्हे’ काढणाऱ्या एखाद्या कार्यक्रमातून नेली, तर नेमके हे बाइट गळण्याचा धोका असतो. मग रांग उलट फिरवून मराठी मिळवावी, तर इतर सारे नीट येते आणि जोडाक्षरे मोडलेली, उकार नाहीसे झालेले असतात. ‘पुस्तक’ या शब्दातील उकार आणि ‘स्त’ मधील हलन्त हे दोन्ही धोक्याचे.

आपल्या भाषेच्या नावातही असाच एक दुबळा दुवा आहे. ‘ठ’ चा शेवटचा बाइट १६० आहे आणि लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. शब्दांतील अनावश्यक मोकळ्या जागा साफ करणारे कार्यक्रम तिला साधी मोकळी जागा करून टाकतात. त्यानंतर ‘मराठी’ मधील इतर चारही वर्ण परत येतात आणि ‘ठ’ येत नाही.

‘दर्‍या’ मधील अर्धा र लिहिताना काही कळफलक हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. त्याचाही शेवटचा बाइट १४१ आहे. ते गळाले की डोंगरातील दर्‍या समुद्राचा ‘दर्या’ होतो. येथे वाचकाला बिघाड झाल्याचे कळतसुद्धा नाही, कारण उरलेला शब्द अर्थपूर्ण असतो. पाठचिकित्सकाला अशाच अपपाठांची सर्वाधिक धास्ती असते. तात्पर्य एवढेच, की अगम्य रांग हाताने उचलून दुरुस्त करू नये. डेटाबेसातील मूळ बाइटवरच काम करावे.

५.७ दुरुस्तीचा क्रम

सर्वप्रथम नव्या नोंदी भरणे थांबवावे आणि प्रत घ्यावी. प्रत घेतानाही संकेतन सांगावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. मायएसक्यूएलचा प्रत घेणारा कार्यक्रम आपणहून यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो. समझोत्याच्या स्थितीत अशी प्रत म्हणजे दुहेरी संकेतनाचा नमुना होय. त्या स्थितीत लॅटिन-१ असे स्पष्ट सांगून प्रत घेतली, तर बाइट जसेच्या तसे उतरतात. ही प्रत दुरुस्तीनंतरही काही महिने जपून ठेवावी.

लॅटिन-१ रकान्यात यूटीएफ-८ मजकूर असेल, तर रकान्याचे संकेतन थेट बदलू नये. थेट बदलल्यास डेटाबेस ‘मदत’ म्हणून प्रत्येक चिन्हाचे रूपांतर करतो आणि पंधराचे एकतीस होतात. त्याऐवजी दोन पावले टाकावीत. आधी रकान्याचा प्रकार अक्षरांऐवजी निव्वळ बाइट असा करावा. मग डेटाबेस त्यांचा अर्थ लावत नाही. नंतर तोच रकाना पुन्हा अक्षरांचा करून संकेतन यूटीएफ-८ द्यावे. बाइट जागचे हलत नाहीत. केवळ त्यांवरील लेबल खरे होते. दुहेरी संकेतन झाले असेल, तर आधी मजकूर लॅटिन-१ मध्ये उलट फिरवावा, मग बाइट मानावा, मग यूटीएफ-८ म्हणून वाचावा. हा प्रयोग प्रथम मूळ तक्त्यावर न करता त्याच्या नकलेवर करावा आणि हलन्त, उकार, ‘ठ’ व ‘झ’ असलेले शब्द मुद्दाम तपासावेत.

रकाना सुधारल्यावर लगेच जोडणी आणि पान यांनाही यूटीएफ-८ सांगावे. तिन्ही ठिकाणे एकाच बैठकीत जुळवली नाहीत, तर मधल्या काळातील नोंदी पुन्हा मिसळतात. काही जण मूळ दोष तसाच ठेवून पान दाखवताना अगम्य चिन्हे शोधून त्यांच्या जागी मराठी अक्षरे बसवणारा कार्यक्रम लिहितात. तो चालतो, पण शोध, अनुक्रम आणि छपाई यांना त्याचा उपयोग नाही. भिंतीतील ओल तशीच ठेवून चुना लावण्याचा हा प्रकार आहे.

येथे एका नावाविषयी सावधगिरी हवी. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने दीर्घकाळ जे मिळत होते, ते अपूर्ण होते. त्यात एका वर्णाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळत. देवनागरीला तेवढे पुरतात, म्हणून मराठी संकेतस्थळांना ही उणीव जाणवली नाही. मोडी लिपीला मात्र चार लागतात. मोडीचा समावेश युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ साली झाला आणि तिचे क्रमांक देवनागरीच्या पुष्कळ पुढे आहेत. तीन बाइटच्या रकान्यात मोडी मजकूर घालू पाहिल्यास डेटाबेस कडक नियमाने चालत असेल तर नोंद नाकारतो. सैल नियमाने चालत असेल तर पहिल्या मोडी वर्णापासून पुढचा सारा मजकूर कापतो. भ्रमणध्वनीवरील हसऱ्या चेहऱ्यांची चिन्हेही चार बाइटची असल्याने वाचकांचे अभिप्राय मध्येच तुटलेले दिसतात. म्हणून संकेतन निवडताना ‘यूटीएफ८एमबी४’ हे पूर्ण रूप निवडावे. मोडी दफ्तरांची सूची करणाऱ्यांनी तर हे पहिल्याच दिवशी पाहावे.

५.८ जुन्या फॉन्टमधील मजकूर

शेवटी एक वेगळा रोग, ज्याला वरीलपैकी कोणतेही औषध लागू पडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा संचांतील फॉन्ट वापरून मराठी व हिंदी मजकूर तयार होत असे. त्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचा व चिन्हांचाच असतो. फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो उघडला, की रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. त्यात रेघेचा ‘ए’ आणि शेंड्यांचे वर्तुळ ही जोडी नियमाने आढळत नाही, हीच त्याची ओळख.

येथे संकेतन बदलून काही साधत नाही, कारण साठवला आहे तो वर्ण नसून आकाराचा तुकडा आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी या मजकुरात ती आधी नोंदलेली असते, कारण ती डावीकडे दिसते. रफार उच्चारात आधी असूनही नंतर येतो. त्यामुळे त्या त्या फॉन्टसाठी तयार केलेला परिवर्तक वापरावा लागतो आणि नंतर मुद्रितशोधन अटळ असते. रफार, जोडाक्षरे आणि अर्धा र या जागा आधी तपासाव्यात. हे काम तंत्रज्ञाला एकट्याला जमत नाही. शुद्धलेखन जाणणारा माणूस शेजारी बसावा लागतो.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पुणे’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये साठवला तर एकूण किती बाइट लागतील? अगम्य रांग साफ करणाऱ्या कार्यक्रमातून गेल्यास त्यातील कोणता वर्ण गळण्याचा धोका आहे?

२. एका ग्रामपंचायतीच्या संकेतपृष्ठावर गावांची नावे प्रश्नचिन्हांत दिसत आहेत. डेटाबेसात ‘मराठी’ या नमुना नोंदीची अक्षरे पाच व बाइट पंधरा मिळाले. मजकूर सुरक्षित आहे काय? तेथील सेवकाला तुम्ही पहिली सूचना कोणती द्याल?

३. ‘वाचनातील दोष’ आणि ‘मजकुरातील दोष’ यांतील भेद एक उदाहरण हस्तलिखितांच्या परंपरेतून आणि एक संगणकावरील मजकुरातून घेऊन सुमारे २०० शब्दांत स्पष्ट करा.

४. तुमच्या घरातील, संस्थेतील वा अभ्यासकेंद्रातील संगणकावरील एखादी जुनी मराठी धारिका उघडून पाहा. ती युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे कसे ओळखले ते लिहा.

उत्तरसूचना

प्रश्न १ : प, उकार, ण आणि मात्रा असे चार वर्ण, म्हणून बारा बाइट. धोका उकाराला, कारण त्याचा शेवटचा बाइट १२९ आहे.

प्रश्न २ : मजकूर सुरक्षित आहे; दोष जोडणीत किंवा पान तयार करणाऱ्या कार्यक्रमात आहे. पहिली सूचना: कोणतीही नोंद उघडून ‘जतन करा’ ही कळ दाबू नये.

प्रश्न ३ व ४ : विभाग ५.१ आणि ५.८ पुन्हा वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहावीत व संपर्कसत्रात समंत्रकांना दाखवावीत.